अमेरिकन घरं, जपानी आवराआवर आणि वस्तूंचा निरोप

निशिगंध, कोलंबस (ओहायो)

२०१८ पासून मी इथल्या एका थ्रिफ्ट शॉपमध्ये दर शनिवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. मागच्या दाराशी लोक गाड्या भरून जुनं सामान आणून देतात. आम्ही ते निवडतो, पुसतो, किंमत लावून दुकानात मांडतो. एरवीचा रिवाज असा, की माणूस गाडीतून उतरतो, पिशव्या काढतो, पावती घेतो आणि निघतो. दोन मिनिटांचं काम.

२०१९ च्या जानेवारीत हे बदललं. १ जानेवारीला नेटफ्लिक्सवर मारी कोंडोची मालिका आली आणि पुढच्या शनिवारपासून मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. देशात ठिकठिकाणच्या अशा दुकानांनी त्या महिन्यात हेच सांगितलं. मला मात्र आठवते ती एक बाई. साठीच्या आसपासची असेल. तिने पिशवीतून एक निळा लोकरी कोट वर काढला, बाहीची सुरकुती हाताने सरळ केली आणि हळू आवाजात "थँक यू" म्हणाली. मला वाटलं मलाच म्हणाली. मग लक्षात आलं, ती कोटाशी बोलत होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे, म्हणून आज हा धागा.

ज्यांनी पाहिलं-वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मारी कोंडो ही घर आवरायला शिकवणारी जपानी बाई. तिचं पुस्तक जपानमध्ये २०१० च्या अखेरीस आलं, इंग्रजी अनुवाद अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये. २०१५ मध्ये टाइमच्या १०० प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत तिचं नाव होतं. पद्धत अशी: खोलीवार आवरायचं नाही, वस्तूंच्या जातीवार आवरायचं. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सामान (याला जपानीत कोमोनो म्हणतात) आणि सगळ्यात शेवटी आठवणींच्या वस्तू. घरातले सगळे कपडे एका जागी ढीग करायचे, एकेक हातात घ्यायचा आणि जीव सुखावतो का ते बघायचं. सुखावला तर ठेवायचा, नाही तर आभार मानून निरोप द्यायचा. काम सुरू करण्याआधी ती जमिनीवर गुडघे टेकून, डोळे मिटून त्या घराला नमस्कार करते. ती पाच वर्षं एका शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवळात सेविका होती, हे कळल्यावर मला त्या नमस्काराचा उगम लागला.

आता अमेरिकेकडे बघा. इथल्या जनगणना खात्याच्या आकड्यांप्रमाणे १९७३ मध्ये नव्या घराचं सरासरी क्षेत्रफळ १,६६० चौरस फूट होतं, २०१५ मध्ये २,६८७ झालं. त्याच काळात घरातली माणसं सरासरी तीनवरून अडीचवर आली. घर वाढलं, माणसं कमी झाली, तरी कपाटं उघडली की अंगावर सामान येतं. टाकायला इथे कोणाला शिकवावं लागत नाही, कचऱ्याचा ट्रक दर आठवड्याला दारात येतो. वस्तूचा निरोप कसा घ्यायचा हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. निरोप घेता येत नाही म्हणून लोक नुसतं साठवत जातात, असं मला या सहा-सात वर्षांत वाटायला लागलंय. कोंडोबाईंनी अमेरिकेला नेमकं हेच दिलं आणि म्हणून ती पद्धत इथे इतकी खोल गेली.

शेजारच्या आजींचं सांगते. वय ७८. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेले. मुलगी लांब राहते, तिने फोनवर सांगितलं, "मॉम, कोनमारी कर" (कोंडोच्या पद्धतीला कोनमारी म्हणतात). आजींनी मला हाक मारली आणि आम्ही दोघी गराजात उभ्या राहिल्या. भिंतभर अवजारं. करवती, पटाश्या, कानशी, गिरमिटं, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याच आकाराची पेन्सिलची रेघ, म्हणजे कुठलं अवजार कुठे लटकवायचं ते चुकू नये. आजींनी एक रंधा उचलला. लाकडाची मूठ एका बाजूने काळी, गुळगुळीत झालेली, जिथे त्यांच्या नवऱ्याचा अंगठा बसायचा तिथे. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग रंधा जागेवर ठेवला, दिवा बंद केला आणि पुढचे तीन आठवडे त्या विषयच काढत नव्हत्या.

चूक माझी होती. आठवणींच्या वस्तू शेवटी, हा नियम मला पाठ होता आणि तरी मी त्यांना सुरुवात तिथून करू दिली. नंतर आम्ही कपड्यांपासून सुरू केलं. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी तुमचे अनुभव वाचायचे आहेत, विशेषतः इथे राहणाऱ्यांचे.

सातारकर_जर्सी

ताई, माझ्या वर्मावर बोट ठेवलंत.

आमच्या दोन गाड्यांच्या गराजात एकही गाडी मावत नाही. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००५ मध्ये तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात जाऊन वस्तू मोजल्या होत्या. चारांतल्या तीन घरांत गराजात गाडी ठेवायला जागाच नव्हती. फ्रिजच्या दारावर सरासरी ५२ वस्तू चिकटवलेल्या. मी हे वाचून उठलो आणि आमच्या फ्रिजवरच्या मोजल्या. ६१ भरल्या. त्यात २०१६ च्या डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटचं कार्ड होतं.

पण आपल्या लोकांच्या गराजात एक खास जात असते, ती कोंडोबाईंच्या यादीत नाही. "भारतात न्यायचं." रिकाम्या सूटकेसा आठ, त्यांत चॉकलेटांचे रिकामे डबे, भाच्यासाठी घेतलेले बूट (भाचा आता सहा फुटी आहे), आईसाठी घेतलेली थर्मासची बाटली. आई २०१७ ला गेली. ती बाटली मी दरवर्षी बघतो आणि परत सूटकेसमध्ये ठेवतो.

वर नऊ वर्षं एका स्टोरेजमध्ये खोली भाड्याने होती. देशात अशा भाड्याच्या गोदामांची संख्या ५०,००० च्या आसपास आहे, म्हणजे मी एकटा नाही. महिन्याला १४० डॉलर भरत होतो. आत काय होतं? जुना सोफा आणि एमएसच्या वेळची पुस्तकं. हिशेब मांडला तेव्हा पोटात गोळा आला.

हिरवा_चहा, सैतामा (जपान)

छान धागा. मी इथे अकरा वर्षं आहे, जपानच्या बाजूने थोडी भर घालते.

पहिली गोष्ट, जपानी घर म्हणजे मोकळं, पांढरं, एक फुलदाणी ठेवलेलं घर, हे चित्र डोक्यातून काढा. माझ्या बहुतेक जपानी मैत्रिणींची घरं लहान आणि ठासून भरलेली आहेत. भिंतीतलं कपाट, ज्याला ओशिइरे म्हणतात, त्याचा दरवाजा सरकवताना आतून काहीतरी सरकल्याचा आवाज येतो. म्हणून तर आवरण्यावर इथे इतकी पुस्तकं निघतात. ज्यांची घरं मोकळी असतात त्यांना अशी पुस्तकं लागत नाहीत.

दुसरं, कोंडोच्या आधी २००९ मध्ये यामाशिता हिदेको यांचं दानशारीवरचं पुस्तक आलं आणि तो शब्द घराघरात गेला. दान म्हणजे येणारं अडवणं, शा म्हणजे साठलेलं टाकणं, री म्हणजे आसक्तीपासून दूर होणं. ही तिन्ही नावं योगाभ्यासातल्या आचारांवरून घेतलेली आहेत, त्या स्वतः योग शिकत होत्या. माझ्या इथल्या शिक्षिकेने हे समजावलं तेव्हा मी तिला "अपरिग्रह" हा शब्द लिहून दाखवला. तिने तो वहीत उतरवून घेतला. अमेरिकेत दानशारी फार पोचली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यात पहिलं पाऊल आहे येणारं अडवण्याचं. कोंडोची सुरुवात घरात आधीच आलेल्या वस्तूंपासून होते.

तिसरं, ११ मार्च २०११. कोंडोचं पुस्तक आलं आणि तीन महिन्यांच्या आत तो भूकंप आणि त्सुनामी. इथे लोकांनी पाहिलं की कपाटं अंगावर पडून माणसं जखमी होतात, आणि समुद्र आला की सगळंच जातं. त्यानंतर घरात किती ठेवायचं हा प्रश्न इथे वेगळ्या गांभीर्याने विचारला गेला. अमेरिकेत पोचताना हा भाग गळून गेला, राहिली ती कपडे खणात उभे लावायची घडी आणि हसरी कोंडो.

आणि टाकणं इथे स्वस्त नाही बरं. सोफा टाकायचा तर नगरपालिकेला फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून पैसे भरून स्टिकर आणायचं, ते सोफ्यावर चिकटवून ठरलेल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवायचं. त्या स्टिकरमुळे पुढचा सोफा घेताना माणूस दहादा विचार करतो.

वसुधा_क

वस्तू हातात घेऊन जीव सुखावतो का बघायचं, त्यासाठीचा जो शब्द अमेरिकेत "स्पार्क जॉय" (आनंदाची ठिणगी) म्हणून गाजला तो मूळ जपानीत काय आहे? ठिणगी मला खटकते. वस्तू हातात घेतल्यावर ठिणगी कशी पडेल?

हिरवा_चहा, सैतामा (जपान)

वसुधाताई, मूळ क्रियापद तोकिमेकु. छातीत हलकीशी धडधड होणं, आवडतं माणूस येणार म्हटल्यावर होते तशी. "स्पार्क जॉय" हे अनुवादिका कॅथी हिरानो यांचं, आणि इंग्रजीत ते फार चपखल बसलं. निम्मं यश त्या दोन शब्दांचं आहे असं मला वाटतं.

वसुधा_क

मग मराठीत "मोहरणं". साडी हातात घेतली आणि मन मोहरलं. आंब्याला मोहर येतो तसं, आतून.

निशिगंध, कोलंबस (ओहायो)

वसुधाताई, किती सुंदर! आता मी हाच शब्द वापरणार.

आडवाटेचा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी राग मानू नये.

ज्याला परत विकत घेता येतं त्यालाच आनंदाने टाकता येतं. मी लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, सात माणसं. आई तुटलेल्या बादलीत तुळस लावायची, फाटक्या चादरीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. "ही वस्तू मला मोहरवते का" असा प्रश्न तिला कोणी विचारला असता तर तिला तो कळलाच नसता. वस्तू उपयोगी होती, संपला विषय. गिरणी संपात बंद पडली तेव्हा तिने जपून ठेवलेल्या पितळी भांड्यांनी आम्हाला आठ महिने जगवलं. एकेक करून विकली.

अमेरिकेतही असे लोक कमी नाहीत. पुढच्या महिन्यात नोकरी राहील का माहीत नाही, अशा माणसाने जादाचा हीटर टाकायचा कसा? त्याच्या घरातला पसारा हा त्याचा विमा आहे. मालिकेतली घरं बघून त्याला लाज वाटायला लावणं मला पटत नाही.

निशिगंध, कोलंबस (ओहायो)

आडवाटेचा, राग कशाचा? तुमच्या आईंबद्दल वाचून गलबलून आलं. तुम्ही म्हणता ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेजारच्या आजींचा जन्म १९४६ चा. त्यांच्या आई-वडिलांनी तिसाच्या दशकातली महामंदी ऐन उमेदीत भोगली. आजींच्या स्वयंपाकघरात एक खण आहे, त्यात धुऊन, सपाट करून ठेवलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, रबरबँडचे चेंडू आणि सुतळीचे तुकडे. त्यांची आई असंच ठेवायची. तो खण मी त्यांना आवरायला सांगितला नाही आणि सांगणार नाही.

पण त्याच घरात १४ कॉफीचे मग आहेत ज्यांवर निरनिराळ्या बँकांची नावं आहेत, आणि ११ स्वेटर ज्यांच्या किंमतीच्या चिठ्ठ्याही काढलेल्या नाहीत. ती मंदीची शिकवण नव्हे, तो सेलचा परिणाम. स्वतः आजींनाच हा फरक कळला, कपड्यांचा ढीग पलंगावर घातला तेव्हा. एकेक स्वेटर हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हा मी घेतला त्या दिवशी मी एकटी होते." दुसरा उचलला, "त्याही दिवशी." मी काही बोलले नाही, चहा करून आणला.

दोरा_सुई, इचलकरंजी

कापडाच्या धंद्यात आहे म्हणून एक बाजू मांडतो.

निरोप दिलेला कपडा जातो कुठे? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे २०१८ चे आकडे आहेत. त्या वर्षी १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा निघाला, त्यातलं १ कोटी १३ लाख टन सरळ जमिनीत पुरलं गेलं. दान केलेल्यातलंही जे दुकानात खपत नाही ते गठ्ठे बांधून परदेशी जातं. त्यातला काही माल गुजरातेत कांडल्याला उतरतो. लोकरीच्या चिंध्या हरयाणात पानिपतला जातात. घालता येऊ नये म्हणून त्या आधीच कापलेल्या असतात. मी दोनदा जाऊन आलोय. बाया जमिनीवर बसून विळीसारख्या पात्यावर गुंड्या, चेन, अस्तर वेगळं करतात. मग रंगाप्रमाणे ढीग. लाल एकीकडे, निळे एकीकडे, तांबूस एकीकडे. त्यामुळे पुढे सूत रंगवावं लागत नाही. ते पिंजून, कातून त्याचं शॉडी सूत होतं आणि त्यातून स्वस्त घोंगड्या. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटल्या जातात त्यांतल्या कितीतरी तिथल्या.

हवेत इतकी तूस असते की तासाभरात घसा धरतो. त्या बाया दिवसभर तिथे बसतात, तोंडाला ओढणी बांधून. निशिगंधताई, तुमच्या त्या बाईचा निळा कोट दुकानात खपला नसेल तर तिथे गेला असणं अगदी शक्य आहे. म्हणून हिरवा_चहा यांनी सांगितलेलं "येणारं अडवणं" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

निशिगंध, कोलंबस (ओहायो)

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे न खपलेल्या कपड्यांचे गठ्ठे गुरुवारी एक ट्रक घेऊन जातो. "रीसायकल" असं वहीत लिहिलेलं असतं. पुढचं मी कधी विचारलंच नाही. या शनिवारी विचारेन.

मनूची_आई, डॅलस

सगळ्या चर्चेत मुलांची खेळणी आली नाहीत. वर उल्लेख झालेल्या त्याच यूसीएलएच्या अभ्यासात आहे, की जगातल्या मुलांपैकी ३.१ टक्के अमेरिकेत आणि जगभरात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त इथे. आमच्या दिवाणखान्यात बसून हे वाचलं तर पटतंच. एका वाढदिवसाला २२ भेटी आल्या. पाच वर्षांच्या मुलाने किती कागद फाडायचे?

आम्ही मनूबरोबर हे करून पाहिलं. प्रत्येक खेळणं त्याच्या हातात दिलं. त्याला सगळीच मोहरवतात! मग नवऱ्याने युक्ती केली: "यातलं कोणतं दुसऱ्या मुलाला जास्त हवं असेल?" त्याने विचार करून अग्निशामक दलाची गाडी काढून दिली, जी त्याची सगळ्यात लाडकी होती. मी मधे पडणार होते. नवऱ्याने डोळ्यांनी थांबवलं.

आणि कोंडोबाईंचंच सांगते. तिसरं मूल झाल्यावर २०२३ च्या जानेवारीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की घर नीटनेटकं ठेवण्याचा नाद आता बराचसा सोडलाय, मुलांबरोबरचा वेळ जास्त महत्त्वाचा वाटतो. अनेकांनी त्यावरून टिंगल केली. मला मात्र त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी दुप्पट झाला. प्रश्न तोच आहे की, कशाने मन मोहरतं, आणि उत्तर बदललं तर ते मान्य करायचं.

वसुधा_क

पुस्तकांवरूनही मोठं वादळ उठलं होतं ना २०१९ मध्ये? तीसच पुस्तकं ठेवा म्हणे.

हिरवा_चहा, सैतामा (जपान)

असा नियम तिने कधीच केला नव्हता. ती स्वतःकडे साधारण तीस ठेवते, एवढंच तिने सांगितलं होतं. लोकांनी अर्धवट ऐकलं. उलट पुस्तकांवर हलकेच थाप मारून ती त्यांना "जागं" करते, मग निवडते. इथे वस्तूला जीव आहे असं मानूनच वागतात. ८ फेब्रुवारीला तोक्योच्या आसाकुसातल्या सेन्सोजी देवळात मोडक्या सुयांचा विधी होतो, हारी-कुयो. वर्षभर कडक कापडातून टोचत राहिलेल्या सुया मऊ तोफूमध्ये (सोयाबीनचं पनीर) खोचायच्या, म्हणजे त्यांना विश्रांती. मी एकदा गेले होते, किमोनो घातलेल्या आज्या रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात सुयांची छोटी पुडी.

वसुधा_क

अगं, ही तर आपली खंडेनवमी! माझे वडील सुतारकाम करायचे. त्या दिवशी सगळी अवजारं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचे आणि दिवसभर एकालाही हात लावायचा नाही. अवजारांची सुट्टी. निशिगंध, तुमच्या त्या आजींच्या अवजारांचं पुढे काय झालं? मघापासून तेच मनात आहे.

सातारकर_जर्सी

मलाही तेच विचारायचं होतं. आणि कळवायला आलो, की हा धागा वाचून काल बायको आणि मी सूटकेसा उघडल्या. साड्या तिने कोनमारी घडीत उभ्या लावायचा प्रयत्न केला. कॉटनच्या राहतात, सिल्कच्या घसरतात. पैठणी तिने परत मलमलच्या कापडात गुंडाळून आडवीच ठेवली, ते बरोबर आहे. आईची थर्मासची बाटली मी बाहेर काढली. आज सकाळचा चहा त्यातून ऑफिसला नेला. चार तास गरम राहिला.

निशिगंध, कोलंबस (ओहायो)

सातारकर, वाचून डोळे भरून आले.

वसुधाताई, सांगते. कपडे, पुस्तकं, कागद असं करत गराजापर्यंत पोचायला आम्हाला पाच महिने लागले. इथे शहरात अवजारं वाचनालयासारखी उसनी देणारी एक जागा आहे, सभासद होऊन करवत न्यायची, काम झालं की परत आणायची. आजींनी ठरवलं, सगळं तिथे द्यायचं. शनिवारी सकाळी तिथला माणूस व्हॅन घेऊन येणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी गेले तर त्या गराजात स्टुलावर बसलेल्या, मांडीवर वर्तमानपत्र, हातात तेलाचा डबा आणि जुना बनियन. एकेक पटाशी पुसून, पात्याला तेल लावून, परत त्या पेन्सिलच्या रेघांवर लटकवत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी खाली बसले आणि कानशी घेतल्या. रात्री साडेनऊ वाजता शेवटचं गिरमिट झालं.

व्हॅन गेल्यावर भिंतीवर नुसत्या रेघा राहिल्या. त्या रंगवून टाकू का असं मुलीने फोनवर विचारलं, आजी नको म्हणाल्या. रंधा त्यांनी दिला नाही. तो स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर आहे, रबरबँडच्या खणाच्या बरोब्बर वर.